कॅचर सुनंदाच

बाबा, समीर सगळ्यांना सांगत सुटलाय की जाता जाता तुम्ही मला टीममध्ये घेतलंत. भेटायला येणारा प्रत्येक जण ते ऐकतो, माझ्याकडे बघतो, मान हलवतो, कुणी पाठीवर हात ठेवतं. काल देशपांडे पतिपत्नी ब्राउनश्वाइगहून पोळ्या-भाजी घेऊन आले, त्यांनाही सांगून झालं. "सून म्हणून आली तेव्हापासून भांडत होती, पण बाबांनी तिला कधी घेतलं नाही. शेवटी घेतलं." देशपांडेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले आणि ओटा धरून उभी राहिले. तुम्ही मला टीममध्ये घेतलेलं नाही. हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं, आणि आता दोघांतली मी एकटीच उरले आहे.

तुम्हाला जाऊन आठवडासुद्धा नीट झालेला नाही. तुमच्या अस्थी अजून इथल्या अंत्यविधीवाल्यांच्या, बेस्टाटरच्या कपाटात आहेत. त्या भारतात न्यायच्या तर कुठकुठल्या ऑफिसांच्या परवानग्या लागतात, त्यामुळे समीर दिवसभर फोनवर अत्यंत सभ्य जर्मन बोलत असतो. फोन ठेवला की पुन्हा पाहुण्यांना तीच गोष्ट सांगतो. त्याला त्यातून बळ मिळतंय हे मला दिसतं, म्हणून मी गप्प बसते. मी गप्प बसणारी बाई नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

लोकांना वाटतं टीम म्हणजे आपल्या घरातली काहीतरी गंमत असणार. ती गंमत नव्हती. जळगावच्या शाळेत तुम्ही आयुष्यभर मुलांना बेसबॉल आणि मुलींना सॉफ्टबॉल शिकवलात, आणि त्या सगळ्यांतून, शिवाय परगावच्या मैदानांवर पाहिलेल्या सगळ्यांतून, नऊ जागांसाठी आजवरची सर्वांत श्रेष्ठ नऊ माणसं निवडायची हा तुमचा उद्योग होता. पिचर कोण, शॉर्टस्टॉप कोण, सेंटर फील्डला कोण. मुलगे-मुली एकत्र. मी म्हणायचे, बेसबॉलचा बॉल वरून टाकतात, सॉफ्टबॉलचा खालून, दोन्ही एका टीममध्ये कसे चालतील? तुम्ही म्हणायचात, हात बघ, डोकं बघ, बॉलचा आकार कशाला बघतेस. यावरच आपले दोन उन्हाळे गेले.

आणि तुमचा तो नियम. डोळ्यांनी पाहिलेलाच खेळाडू घ्यायचा. मी मोठ्या टीव्हीवर अमेरिकेतले एकेक दिग्गज लावून दाखवायचे, तुम्ही पुढे सरकून बघायचात, दाद द्यायचात, आणि म्हणायचात, "भारीच आहे. पण पायात काटा मोडलेला असताना हा कसा खेळतो ते मला माहीत नाही." मग मी वैतागून टीव्ही बंद करायचे. जगातले सगळे महारथी त्या एका काट्यापायी बाहेर बसले, आणि भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधला अशपाक तुमच्या टीमचा पिचर झाला. अशपाकबद्दल माझी तक्रार नव्हती. त्याचा बॉल मीही सरावाला झेलला आहे. तळहात दोन दिवस लाल राहायचा.

माझी तक्रार कॅचरच्या जागेबद्दल होती. समीरला समजावताना तुम्ही सांगितलं होतंत, कॅचर म्हणजे विकेटकीपरच, पण अख्खं मैदान फक्त त्याच्याच डोळ्यांपुढे असतं, म्हणून टीमही त्यानेच चालवायची असते. मी तुमची कॅचर होते. जिल्ह्याला, विभागाला, राज्याला मी त्या जागी उकिडवी बसले, गुडघे कायमचे घालवले, आणि तुमच्या नऊ जणांत त्या जागेवर नाव होतं सुनंदा पाटील. माझ्या आधीची, माझ्याहून तीन वर्गांनी पुढची, चोपड्याची सुनंदा. मी म्हणायचे, माझा सेकंड बेसवरचा थ्रो तिच्यापेक्षा जोरात. तुम्ही म्हणायचात, "जोरात आहे." मी म्हणायचे, तिच्या काळापेक्षा माझ्या काळात टीम जास्त जिंकली. "जिंकली," म्हणायचात. मग?

"मुक्ता, हातातून बॉल सुटला की तू पंचाकडे बघतेस. सुनंदा बॉलकडे बघते."

काय बोलणार यावर? बोलले अर्थात. वर्षानुवर्षं बोलले. पंचाने चुकीचा निर्णय दिला तर बघायचं नाही का, पंच म्हणजे काय देव आहे का, आणि सुनंदाताईचा बॉल सुटायचाच जास्त, म्हणून तुम्हाला तिचं बघणं जास्त दिसलं. यावर तुम्ही इतके हसलात की चहा शर्टावर सांडला. पण जागा दिली नाहीत. मैदानावर मी तुम्हाला सर म्हणायचे, लग्नानंतर घरात बाबा म्हणायला लागले, आणि हा विषय निघाला की तोंडातून आपोआप सर यायचं. "सर, हे नाही पटत." सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, झालं यांचं सुरू.

तुम्ही स्थळ घेऊन आलात त्या दिवशी आमच्या बाबांना वाटलं, कॅम्पची परवानगी मागायला आलात. ते आधीच म्हणाले, "सर, या वर्षी नको, हिची परीक्षा आहे." तुम्ही म्हणालात, "कॅम्प नाही, मी माझ्या मुलासाठी विचारायला आलोय." आई हात पुसत बाहेर आली आणि प्रामाणिकपणे म्हणाली, मुलगी फार हट्टी आहे हो. तुम्ही म्हणालात, "मला सांगताय?" त्या मुलाला मी मैदानावर कधी पाहिलेलंही नव्हतं. समीर बॉल अंगावर आला की डोळे मिटायचा, म्हणून लहानपणी दोनदा येऊन परत गेला तो गेलाच. तुम्ही त्याला त्यावरून कधी बोलला नाहीत, आणि पुन्हा कधी बोलावलंतही नाही. समीर म्हणतो, त्याचं मला काही वाटलं नाही. मी ते खरं धरून चालले होते.

सासूबाई गेल्या आणि समीर तुम्हाला इथे वोल्फ्सबुर्गला घेऊन आला. किती कागद, किती चकरा, ऑफिसांच्या किती वेळा, किती टेर्मिन. तुम्ही आलात ते दोन स्वेटर आणि एक जुना कॅचरचा ग्लव्ह घेऊन. पहिला हिवाळा तुम्ही खिडकीत बसून काढलात. रस्त्यावर माणूस दिसत नाही, सगळ्या गाड्याच, इथे लोक राहतात की नुसत्या गाड्याच राहतात, असं तुम्ही आमच्या इराला विचारलंत. इरा म्हणाली, "बाइडेस, आजोबा." दोन्ही. तुम्हाला शब्द कळला नाही पण उत्तर आवडलं.

मग वसंतात शोधता शोधता मला शेजारच्या गावातल्या क्लबचं मैदान सापडलं. खरंखुरं बेसबॉलचं मैदान, लाल माती, पांढऱ्या रेघा. कडेला घडीच्या खुर्च्या टाकून वीस-पंचवीस माणसं. तुम्ही गाडीतून उतरलात, जाळीपाशी गेलात, खाली वाकून माती चिमटीत घेतलीत आणि म्हणालात, "जास्त बारीक आहे. स्लाइडला बरी." त्या क्षणी मला वाटलं, आता हा माणूस इथे टिकणार. त्यानंतर एक रविवार आपण सोडला नाही. तुम्ही पोमेस, ते बटाट्याचे तळलेले काप, खात, मी सॉसेजवाल्याशी गप्पा मारत, इरा आपल्या दोघांमध्ये. फर्स्ट बेसवरचा टोबियास, तो ताडमाड पोरगा, शिफ्ट संपवून थेट मैदानावर यायचा. त्याला तुम्ही टोबीभो म्हणायला लागलात आणि तोही त्या नावाला ओ द्यायला लागला. एक दिवस तुम्ही त्याला आपल्या नऊ जणांत घेतलंत. माझं डोकं फिरलं. फर्स्ट बेसवरच्या आपल्या बंडू सोनारला काढून या जर्मनाला? "इथे राहता म्हणून भाव देताय," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "त्याचा पाय बघ. बेसवरून हलतो का बघ." मी तीन रविवार नुसता त्याचा पाय बघितला. हलत नव्हता. पण हे मी तुमच्याजवळ कबूल केलं नाही.

किती सुखाचे होते ते रविवार, बाबा. तेव्हा मला ते नुसते रविवार वाटायचे.

मग तुम्ही गॅस बंद केला का, असं विचारायला लागलात. आपल्याकडे गॅसच नाही. मग इराला तुम्ही माझ्या नावाने हाक मारलीत. मग एका सकाळी खाली कचरा टाकायला गेलात आणि शेजारच्या फ्राऊ लिंडनरने तुम्हाला तीन इमारती पलीकडून हाताला धरून आणलं. समीरने डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरीणबाई तरुण होती, समजूतदार होती. मी तिचे प्रश्न मराठीत सांगत होते. आज वार कोणता? तुम्ही विचार केलात. शहर कोणतं? "जळगाव." देश? तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "हिला जळगाव कुठल्या देशात आहे माहीत नाही?" घड्याळ काढायला सांगितलं तर सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले. समीर भिंतीकडे बघत होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, थर्ड बेस कोण?" तुम्ही ताठ बसलात. थर्ड बेस कोण, का, तिच्या जागी दुसरं कोण चाललं असतं आणि का चाललं नसतं, कुठल्या मॅचमध्ये तिने काय केलं, हे सगळं तुम्ही एका दमात सांगितलंत. डॉक्टरीणबाईला एक अक्षर कळलं नाही, पण तिचं लिहिणं थांबलं होतं. जाताना ती मला म्हणाली, जुन्या आठवणी सगळ्यांत शेवटी जातात. ती समजूत घालत होती. मी ते वचन असल्यासारखं धरून ठेवलं.

काडी टाकायची कल्पना मला अपघाताने सुचली. तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता. संध्याकाळचा चहा देताना मी काहीतरी बोलायचं म्हणून शॉर्टस्टॉपला चुकून दुसऱ्याच मुलाचं नाव घेतलं. तुम्ही कप खाली ठेवलात. "कोण म्हणतो? त्याला डावीकडचा बॉल दिसायचा तरी का?" आणि मग पाऊण तास मला झापलंत. समीर कामावरून आला तेव्हा आपण दोघं तावातावाने भांडत होतो आणि मी रडत होते. त्याला वाटलं तुम्ही मला काहीतरी वाईटसाईट बोललात. मी त्याला कसं सांगणार की मला इतका आनंद कित्येक महिन्यांत झालेला नव्हता?

त्या दिवसापासून मी मुद्दाम चुका करायला लागले. रोज चहाच्या वेळी एक चुकीचं नाव. फ्लेगेडीन्स्टची फ्राऊ बेकर, तुम्हाला आंघोळ घालायला यायची ती, तिने ऐकलं तेव्हा तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की अशा माणसाशी वाद घालू नका, त्याला विरोध करू नका, त्याच्या हो ला हो म्हणा, तो शांत राहतो. तिचं शिक्षण झालेलं आहे, ती बरोबरच असेल. समीरही म्हणाला, "कशाला त्रास देतेस त्यांना? आयुष्यभर भांडलीस ना, आता जरा शांतपणे राहू दे." यावरून आमची चांगलीच जुंपली. शांत बसलेले तुम्ही मला नको होतात. शांत बसलेले तुम्ही म्हणजे खिडकीतला कुणीतरी म्हातारा होता, ज्याला मी ओळखत नव्हते. भांडताना तुम्ही तुम्ही होतात.

पण एकेक जागा जायला लागली. पहिला राइट फील्ड गेला. मी चुकीचं नाव घेतलं, तुम्ही चहा पीत राहिलात. मी मनाशी म्हटलं, राइट फील्डचं कोण मनावर घेतं. मग सेंटर गेलं. मग टोबियास गेला, तो समोर बसलेला असताना. रविवारी भेटायला आला होता, मी मुद्दाम म्हटलं, फर्स्ट बेस बंडू सोनार. तुम्ही त्याच्याकडे बघून हसलात, जसं दुकानात अनोळखी माणसाकडे बघून हसतो तसं. टोबियासला भाषा कळत नाही, पण तो खाली बघायला लागला. ज्या दिवशी अशपाक गेला त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. अशपाकच्या जागी मी कुणाचंही, अगदी दुधवाल्याचं नाव घेतलं आणि तुम्ही म्हणालात, "हो, हो." तेवढं एकच. "हो, हो."

उरली कॅचरची जागा. ती विचारायला मी घाबरत होते. खूप दिवस मी तिला हातच लावला नाही. शेवटी एकदा हिय्या करून तुमच्यासमोर बसले आणि म्हटलं, "कॅचर मुक्ता."

"नाही," तुम्ही म्हणालात.

"मग कोण?"

"सुनंदा."

तुम्हाला तेव्हा मी कोण हे कळत नव्हतं. मला तुम्ही सिस्टर म्हणत होतात, कधी बाई. आपल्या मुलाचं लग्न झालंय हेही तुम्हाला आठवत नव्हतं. आणि तरी मुक्ता या नावाला नाही होतं. ते कुठे धरून ठेवलं होतंत तुम्ही? माझा चेहरा गेला, माझी तुमच्या घरातली सगळी वर्षं गेली, आणि मी पंचाकडे बघते एवढं शिल्लक राहिलं. मी तुमचे पाय धरले. तुम्ही संकोचून पाय मागे घेतलेत.

मग रोज तेच. "कॅचर मुक्ता." "नाही." दिवसभर ऑफिसच्या मीटिंगांमध्ये मी या, गेनाऊ असं जर्मनमध्ये हो-हो करत बसायचे आणि घड्याळ बघायचे, कधी संध्याकाळ होते आणि कधी मी माझ्याच नावाला नकार ऐकते. पुढे सुनंदाचं नाव तुमच्या तोंडून येईनासं झालं. नुसतं नाही यायचं. मग तेही न येता मान हलायला लागली. मला तेवढंही पुरत होतं. मी देवाकडे बाकी काही मागत नव्हते. बरे करा म्हटलं नाही, खूप आयुष्य द्या म्हटलं नाही. एवढीच एक मान हलू दे रोज, म्हणत होते. तेही जास्त झालं का?

मग ताप आला, न्यूमोनिया निघाला आणि तुम्हाला दवाखान्यात हलवलं. त्या दुपारी आम्ही तिघंही होतो. तुम्ही डोळे उघडलेत, बरे दिसलात, इराने तुमचा हात धरला. समीर म्हणाला, "विचार ना तुझं नेहमीचं." त्या दिवशी त्यानेच म्हटलं. मी वाकून म्हटलं, "सर, कॅचर मुक्ता."

तुम्ही म्हणालात, "हो."

इरा ओरडलीच. "मामा, डू बिस्ट ड्रिन." आई, तू आत आलीस. समीरने माझे दोन्ही खांदे धरले आणि हमसून हमसून रडायला लागला. त्याला वाटलं, सगळं संपता संपता तुम्ही माझं माप माझ्या पदरात टाकलंत. इतकी वर्षं मी ज्यासाठी भांडले ते मिळालं. बाबा, मला ओरडून सांगायचं होतं की अरे रडू नका, नर्सला बोलवा, डॉक्टरला बोलवा, हे गेले, हे आत्ता गेले. मशीनवर तुमचे ठोके नीट चालले होते. मी कुणाला काय सांगणार होते?

समीर इराला घेऊन कॉफी आणायला खाली गेला. मी खुर्ची तुमच्याजवळ ओढली. म्हटलं, एकदा चूक झाली असेल, तापात आहेत. "कॅचर मुक्ता?" हो. "सर, नीट ऐका. कॅचर बंडू सोनार?" हो. मला वेड लागायची पाळी आली. मी काय विचारत होते माझं मला कळत नव्हतं. मी म्हटलं, "कॅचर समीर?" बॉल आला की डोळे मिटणारा समीर. मला वाटलं, निदान याला तरी तुम्ही उठून बसाल.

"हो," म्हणालात.

त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी ज्या वेळेला तुम्ही गेलात असं कागदावर लिहिलं, ती माझ्या लेखी खोटी आहे. पण हे मी समीरला सांगितलं नाही. त्याच्याजवळ एक गोष्ट आहे ज्यात त्याचे वडील शेवटच्या दिवशी त्याच्या बायकोला न्याय देऊन गेले, ती मी कुठल्या तोंडाने काढून घेऊ? आणि न काढून घेऊ तर तुमचं काय? तुम्ही तापात, भान हरपल्यावर जे म्हणालात, ते तुमचं म्हणून जगभर फिरणार. ज्या माणसाने अमेरिकेतल्या दिग्गजांना काट्यावरून बाहेर बसवलं, तो सुनेच्या मायेने विरघळला असं लोक म्हणणार. गोड म्हातारा होते हो, म्हणणार. तुम्ही गोड नव्हता. तुम्ही न्यायी होतात. मला तुमचा राग यायचा तो त्यासाठीच, आणि तुमच्यावर जीव होता तोही त्यासाठीच.

येत्या रविवारी टोबियासच्या क्लबने मॅचच्या आधी तुमच्यासाठी काही मिनिटं ठेवली आहेत. ते म्हणाले, सरांची टीम वाचून दाखवा, एकेका जागेवर आमचा माणूस जाऊन उभा राहील. समीरने जर्मनमध्ये भाषण तयार केलंय. जेवताना त्याने वाचून दाखवलं. उच्चार सुंदर आहेत. कॅचरच्या जागी माझं नाव आहे आणि त्या वाक्यानंतर थोडं थांबायचं असं त्याने ठरवलंय.

आज दुपारी मी शाळेच्या जुन्या ग्रुपवरून सुनंदाताईचा नंबर मिळवला आणि चोपड्याला फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ होती, मागे गाई हंबरत होत्या. तिची दुधाची डेअरी आहे आता. सर गेले हे तिला कळलं होतं. ती म्हणाली, "शेवटी त्रास नाही ना झाला गं त्यांना?" मी म्हटलं, "सुनंदाताई, सरांची एक टीम होती. आजवरच्या सगळ्यांतली. त्यात कॅचर तू होतीस." पलीकडे नुसत्या गाई ऐकू येत राहिल्या.

"मी? मी तर एकोणिसाव्या वर्षीच खेळणं सोडलं," ती म्हणाली. "लग्न झालं. सरांना नीट सांगितलंसुद्धा नाही. ते रागावले असतील म्हणून पुन्हा कधी भेटायलाच गेले नाही."

"रागावले नव्हते. रोज तुझं नाव घ्यायचे."

"अगं, तू होतीस ना तिथे घरात. तुझा थ्रो माझ्यापेक्षा चांगला होता. त्यांची काहीतरी चूक झाली असेल."

"नाही," मी म्हटलं. "चूक नाही. मी पंचाकडे बघायचे. कॅचर तूच." ती नको नको म्हणत राहिली, मी नाही नाही म्हणत राहिले, माझा आवाज चढत गेला. मी तुमच्या बाजूने भांडत होते, बाबा, जीव खाऊन, स्वतःला बाहेर काढण्यासाठी. शेवटी ती रडायला लागली आणि म्हणाली, बरं.

फोन ठेवून वळले तर समीर दारात उभा. त्याने सगळं ऐकलं होतं.

"हे काय चाललंय?" तो म्हणाला. "त्यांनी तुला घेतलं. माझ्यासमोर घेतलं. इरासमोर."

"त्यांनी मला घेतलं नाही समीर. ते तेव्हा नव्हतेच."

"का असं करतेस? त्यांनी दिलेलं घे की एकदा. मेल्यावरही भांडायचंय तुला त्यांच्याशी?"

मग माझा तोल गेला. म्हटलं, "अरे, तू खाली गेल्यावर मी विचारलं त्यांना, कॅचर बंडू का, तर हो म्हणाले. कॅचर समीर का विचारलं, त्यालाही हो म्हणाले. तू! कळलं का आता?"

 मला वाटलं, झालं, आता याला कळलं, आता हा माझ्यासारखाच उघडा पडला. माझं मलाच वाईट वाटलं. त्याने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि बसला. भाषणाचा कागद त्याच्या हातात होता, तो त्याने टेबलावर उलटा ठेवला.

"रविवारी सुनंदाताईंचं नाव घेतो," तो म्हणाला. "बाबांना तेच मान्य होतं."

"हो."

मग तो ओट्याकडे बघत बसला. कुकर तिसऱ्या शिट्टीला आला होता, तो बंद करायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

"मला म्हणाले?" तो म्हणाला. "समीर म्हणून? नाव घेतलंस तू माझं?"

"घेतलं."

"आणि हो म्हणाले."

"हो."

त्याचे केस कानशिलांवर पांढरे झालेत, बाबा. हाताखाली चाळीस माणसं आहेत त्याच्या. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "हसून म्हणाले?"

तुम्ही तेव्हा सलाइनच्या नळीकडे बघत होतात. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी अगदी जवळून बघत होते, माझी खात्री आहे.

"हसून," मी म्हटलं.

खोटं आहे ते. भांडायचं असेल तर या.